खांडीतलं पाणी कोण मोजणार?

[पहाट. ओसरलेली खाडी. गुडघाभर चिखलातून चालणारी दोन माणसं.]

अमावास्येची सकाळ. साडेसहा वाजलेत आणि रायगडातल्या धरमतर खाडीचं पाणी पार तळाला गेलंय. या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बारा-एकच्या सुमारास भरते, म्हणून पुरी सुकती मिळते ती सकाळी सहा-सातला. कामाला दोन-अडीच तास. पुढे चालताहेत ते तांडेल. मागे खांद्यावर फळी आणि पाठीवर उपकरणांची पिशवी घेतलेली पीएच.डी.ची विद्यार्थिनी. इथे कांदळवन (मॅन्ग्रोव्ह) पुन्हा उभं राहील का, ते मोजायला निघालेत.

[वरून दिसणारा बांध, मध्ये तुटलेला.]

हा खारेपाट. खाडीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला हा मातीचा बांध म्हणजे बाहेरकाठा. त्याला ठिकठिकाणी उघाड्या असतात. ओहोटीला उघाडीची झडप उघडते आणि शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं. भरती आली की बाहेरच्या दाबाने ती आपोआप मिटते. पूर्वी शिलोत्री पद्धतीत हे बांध गावकरी मिळून राखत. खेकड्यांनी पोखरलेली भोकं वेळच्या वेळी बुजवायची, झडप कुजली की बदलायची, पावसाळ्याआधी काठावर नवा चिखल चढवायचा. यातलं एक जरी राहिलं तरी उधाणात काठा फुटतो. इथे म्हणतात, खांड गेली. खांड लगेच बांधली नाही, तर दर भरतीला ती रुंद आणि खोल होत जाते. आत खारं पाणी येतं आणि पाण्याबरोबर तिवराच्या, म्हणजे कांदळवनातल्या एका झाडाच्या, बिया. ज्यांचं भात गेलं, त्यांचं नुकसान अजून भरून निघालेलं नाही.

[तळहातावर चार-पाच हिरव्या बिया.]

तिवराचं बी चपटं, पावट्याएवढं. जुलै ते सप्टेंबर या काळात ते झाडावरून गळतं, पाण्यात पडल्यावर त्याची साल सुटते, आत दुमडलेली जाड पानं उघडतात. रुजायला त्याला सलग काही दिवस कोरडे लागतात. असे दिवस भांगाला, म्हणजे दोन उधाणांमधल्या लहान भरतीच्या दिवसांत मिळतात, कारण तेव्हा भरती उंचवट्यापर्यंत चढतच नाही. बी चिखलाला धरतं, मूळ घालतं आणि पुढच्या उधाणाला तग धरतं. जिथे पाण्याचं येणं-जाणं मोकळं आहे, तिथे कांदळवन स्वतःहून येतं. पाणी अडून राहिलं, तर आलेली रोपंही कुजतात. तिवराची श्वसनमुळं हवेत यावी लागतात, ती दिवसरात्र बुडून चालत नाहीत.

म्हणजे पहिला प्रश्न रोपांचा नाही, पाण्याचा आहे. आणि पाणी मोजावं लागतं.

[चिखलात उभा पीव्हीसी पाइप. झाकण उघडून बाहेर येणारी बोटभर जाड नळी.]

हा पाणीपातळीचा लॉगर. एक खांडीबाहेर, खाडीत. दुसरा आत, जुन्या शेतात. दर १५ मिनिटांनी एक नोंद, दिवसाला ९६, वर्षाला ३५ हजारांवर. तिसरा कोरड्या जागी, झाडावर बांधलेला. तो फक्त हवेचा दाब नोंदवतो, कारण पाण्यातला लॉगर पाणी आणि हवा असा एकत्र दाब मोजतो. हवेचा भाग वजा केला नाही, तर पावसाळी ढग दाटून हवेचा दाब घटला तरी खाडी उतरल्यासारखी दिसते.

दोन्ही ठिकाणच्या रेघा एकावर एक ठेवायच्या. बाहेरची रेघ सुरेख वर-खाली जाते. आतली ओहोटीला एका उंचीवर येऊन आडवी होते. ती उंची म्हणजे खांडीचा उंबरठा. त्याच्या खालचं पाणी बाहेर पडत नाही. आतली जमीन त्याहून खोल असेल, तर तिथे हजारो रोपं लावली तरी उपयोग नाही. तिथे कुदळ लागते: उंबरठा खाली घ्यायचा, बुजलेला जुना ओहोळ मोकळा करायचा. किती खाली घ्यायचा, ते या दोन रेघा सांगतात.

बिघाड होतात ते साध्या गोष्टींनी. पाइपच्या भोकांत चिखल बसतो आणि रेघ थिजते. सेन्सरच्या तोंडावर शिंपल्यासारखे बार्नॅकल चढतात, म्हणून तांब्याची पट्टी गुंडाळायची. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लॉगरची उंची ठरावीक खुणेशी न जोडणं. आरटीके जीपीएस (उंची सेंटिमीटरपर्यंत नेमकी सांगणारं) किंवा सर्वेक्षणाच्या लेव्हलने दोन्ही लॉगर एकाच खुणेला बांधले नसतील, तर वर्षभराच्या नोंदी असूनही आत-बाहेरची तुलनाच करता येत नाही.

[फळीवर पालथी झोपलेली विद्यार्थिनी. आडवा दांडा, त्यातून खाली उतरणाऱ्या नऊ सळ्या.]

आता जमीन. स्टेनलेस स्टीलचे दांडे एकमेकांना जोडत, पुढे जाईनात तोवर चिखलात ठोकलेत. तो झाला स्थिर बिंदू. त्यावर हा हात बसवायचा, नऊ सळ्या अलगद चिखलाला टेकवायच्या आणि प्रत्येकीची उंची मिलिमीटरमध्ये वाचायची. चार दिशा, ३६ वाचनं.

“एकशे बेचाळीस.”

“एकशे बेचाळीस, लिवलं. फुडं?”

“मामा, ही खेकड्याच्या बिळात गेली. तशी नोंद करा.”

ही फळी त्याचसाठी. मोजायच्या चौकोनात एक पाऊल पडलं, तर वर्षभरात साचलेल्या गाळाहून खोल खड्डा होतो. जगभरात समुद्राची पातळी २००६ ते २०१८ या काळात वर्षाला सरासरी ३.७ मिमी चढली. इथली जमीन गाळ धरून तेवढी वर येते आहे का, हे कळायला एका हंगामाची वाचनं पुरत नाहीत. निदान तीन पावसाळे हवेत, पाच असतील तर उत्तम.

[प्रयोगशाळा. भट्टीत ठेवलेल्या मातीच्या वाट्या.]

पैशाची गाठ इथेच आहे. एम.एस्सी.चा प्रबंध काही महिन्यांचा. पीएच.डी.ला नेट-जेआरएफ असेल, तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, त्यावर घर चालतं. पण यूजीसीच्या फेलोशिपमध्ये विज्ञान शाखेला पहिली दोन वर्षं आकस्मिक खर्चाला मिळतात ते वर्षाला १२,००० रुपये. एका लॉगरची किंमतच याच्या दुपटीच्या वर. होडी, डिझेल, तांडेलांचा रोज, मातीचे नमुने वाळवणं-जाळणं, सगळं याच बारा हजारांत बसवायचं.

शिवाय आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेला प्रकल्पनिधी मार्चपर्यंत खर्ची टाकावा लागतो, आणि तिवराचं बी गळतं जुलैत. एक पावसाळा निधीची वाट पाहण्यात जातो. कांदळवन ही वनजमीन असेल तर वन विभागाची परवानगीही लागते. ती हातात येईस्तोवर अभ्यासाआधीची मूळ स्थिती मोजायची राहून जाते. मग पुनरुज्जीवन झालं म्हणायचं, ते कशाशी ताडून?

[रोपं लावणारे हात, फलक, रांगा.]

लागवडीला पैसा मिळतो, कारण रोपं मोजता येतात, फोटोत दिसतात. कांदळ या दुसऱ्या जातीच्या झाडाचं लांब दांडीसारखं बी उघड्या चिखलात खोवणं सोपं असतं. पण समुद्राच्या सरासरी पातळीखालच्या चिखलात ते बुडून मरतं. फिलिपाईन्समध्ये मोठा निधी ओतून केलेल्या लागवडींत जगण्याचं प्रमाण १० ते २० टक्क्यांवर राहिलं, त्यामागे चुकीची जागा आणि चुकीची जात हीच मुख्य कारणं होती. लागवडीच्या निधीतला एक हिस्सा आधी दोन वर्षं पाणी मोजणाऱ्या विद्यार्थ्याला द्यायला हवा.

महाराष्ट्राकडे यासाठी घर आहे. २०१२ पासून वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे, त्याच्या जोडीला कांदळवन प्रतिष्ठान आहे. सागरी जैवविविधतेच्या उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांना शिष्यवृत्तीही आहे, आणि ती हवीच. तशीच एक या चिखलासाठी हवी. अमेरिकेत लुइझियानाने हे जुळवलंय. तिथलं राज्याचं किनारा-संरक्षण प्राधिकरण मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना निधी देतं, त्यांच्याकडून आपल्या कार्यालयात ३२० तास काम करून घेतं, आणि किनाऱ्यावरच्या सुमारे ३९० केंद्रांच्या नोंदी सगळ्यांना खुल्या ठेवतं. विद्यार्थी बदलतो, दांडा तिथेच राहतो.

इथे मागणी त्याहून साधी आहे. निधी मेमध्ये सुरू व्हावा आणि तीन पावसाळे चालावा. लॉगर आणि आरटीके विद्यापीठांनी सामाईक ठेवावेत. तांडेलांचा रोज अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत लिहावा. आणि विद्यार्थिनीची पदवी झाली की तिची वही आणि खुणांचे अक्षांश-रेखांश पुढच्याच्या हाती जावेत.

[पाणी पाइपच्या बुडाशी लागतंय. फळी उचलली जाते.]

पावणेनऊ. पाणी फिरलंय. चौथी दिशा वाचून झाली, वही प्लास्टिकच्या पिशवीत गेली. आतला लॉगर पुन्हा पाइपमध्ये, झाकण घट्ट. पुढचं वाचन येत्या पौर्णिमेला.