भात झाला का? थायलंडच्या सीमेवरच्या कारेन छावण्यांची गोष्ट

गावाकडं दुपारच्या वेळी कुणी ओळखीचं भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "जेवण झालं का?" उत्तर काहीही येवो, बोलणं तिथून सुरू होतं. म्यानमारमधल्या कारेन समाजाची माणसंही भेटली की हेच विचारतात, भात खाऊन झाला का? त्यांच्याकडं खुशाली विचारायची ती अशीच.

३१ जुलै २०२५ नंतर थायलंड-म्यानमार सीमेवरच्या ९ निर्वासित छावण्यांत या प्रश्नाचं उत्तर देणं अवघड झालं. तिथं एक लाखाहून जास्त लोक राहतात. त्यातल्या बहुतेकांचा महिन्याचा शिधा त्या दिवसापासून बंद झाला. बाहेरून येणारा पैसा आटला होता, आणि त्यातला मोठा वाटा अमेरिकेचा होता.

अशी बातमी ऐकली की आपल्या डोळ्यांपुढं एक रांग उभी राहते. हातात पिशवी घेतलेली, वाट बघणारी माणसं. मला आज त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाबद्दल बोलायचंय. तिथं तराजूशी बसून तांदूळ मोजून देणारा जो माणूस असतो, तोही निर्वासितच असतो. आजचं नाही, गेली ४० वर्षं हे असंच चाललंय.

(पडद्यावर नकाशा)

आधी जागा नीट बघून घेऊ. जुन्या वाड्यांच्या तुळया दाखवताना आजोबा अभिमानानं सांगायचे ना, "हे बर्मा सागवान आहे"? ते सागवान ज्या बंदरांतून जगभर जायचं, त्यातलं एक मोठं बंदर म्हणजे मोलमीन. आणि मोलमीनला ओंडके वाहत यायचे ते साल्वीन नदीतून. त्या नदीच्या दोन्ही अंगाचे डोंगर हा कारेन लोकांचा मुलूख. हत्तींकडून ओंडके ओढून घेणारे माहूतही बरेचसे कारेनच असायचे. म्हणजे त्यांच्या रानातलं लाकूड आपल्याकडं माजघरापर्यंत येऊन पोचलं, आणि ती माणसं मात्र आपल्याला माहीतही नाहीत.

ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, १९४८ च्या जानेवारीत स्वतंत्र झाला. कारेन नॅशनल युनियन ही संघटना त्याआधी, १९४७ साली उभी राहिली होती. ३१ जानेवारी १९४९ ला कारेनांचा तिथल्या सरकारविरुद्ध सशस्त्र लढा सुरू झाला आणि तो अजून संपलेला नाही. लष्करानं १९६० च्या दशकापासून जी पद्धत वापरली तिचं नावच "चार तोडी". बंडखोरांचं अन्न तोडायचं, पैसा तोडायचा, बातम्या तोडायच्या, भरती तोडायची. प्रत्यक्षात याचा अर्थ गावं जाळणं. भाताची कोठारं जाळणं.

सुरुवातीला लोक नदी ओलांडून थायलंडमध्ये यायचे ते फक्त उन्हाळ्यापुरते. कोरड्या दिवसांत सैन्य चढाई करायचं, पावसाळा तोंडावर आला की मागं फिरायचं, आणि लोक पेरणीला परत गावी. १९८४ साली पाऊस आला, सैन्य मात्र परत गेलं नाही. जवळजवळ १०,००० माणसं थायलंडच्या ताक प्रांतात अडकली. पेरणी चुकली, ती कायमचीच.

आता यातला महत्त्वाचा भाग. या लोकांनी पहिलं काय केलं असेल? आपल्यातल्याच जाणत्या माणसांची एक समिती केली. कारेन निर्वासित समिती, साल तेच, १९८४. थायलंडच्या सरकारनं मदत संस्थांना बोलावलं, पण संस्था आल्या तेव्हा माणसं मोजून झालेली होती, कुणाला किती तांदूळ लागेल याच्या याद्या तयार होत्या. म्हणून संस्थांनी तांदूळ आणला आणि वाटपाचं काम समितीकडंच राहू दिलं. हा निर्णय त्या वेळी छोटा वाटला असेल. माझ्या मते पुढची ४० वर्षं त्यावर उभी राहिली.

पहिली दहा वर्षं तर या छावण्या म्हणजे गावंच होती. सीमेलगत विखुरलेली तीसेक गावं. जंगलात जाऊन बांबूचे कोंब, रानभाजी आणता यायची, जवळपास मजुरीही मिळायची. मग १९९५ च्या जानेवारीत मानेरप्लॉ हे कारेन लढ्याचं मुख्य ठाणं पडलं आणि युद्ध छावण्यांपर्यंत आलं. हुए कालोक नावाची छावणी १९९७ मध्ये जाळली गेली. लोकांनी ती पुन्हा उभी केली. १९९८ मध्ये ती पुन्हा जाळली. अखेर १९९९ मध्ये तिथल्या माणसांना उम्पियम माई या उंच, गार, धुक्याच्या डोंगरावर हलवलं. सुरक्षेसाठी म्हणून लहान छावण्या एकत्र करून मोठ्या केल्या गेल्या, आणि मोठ्या छावणीला फाटक आलं. फाटकाबाहेर जायला परवानगी लागते. परवानगीशिवाय बाहेर सापडलात तर अटक. थायलंडनं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. आपल्या भारतानंही नाही. त्यामुळं थाई कागदोपत्री या जागांचं नाव आजही "तात्पुरता निवारा" असंच आहे. ४० वर्षांचा तात्पुरता निवारा.

सगळ्यांत मोठी छावणी मे ला. मे सोट गावापासून साधारण ६० किलोमीटर, हमरस्त्याला लागून, मागं चुनखडीचा उभा कडा. कारेन लोक तिला बे क्लॉ म्हणतात, म्हणजे कापसाचं शेत. १९८४ मध्ये इथं हजार-अकराशे लोक होते. नंतर ती तीस-पस्तीस हजारांची वस्ती झाली. रस्त्यावरून जाताना पानांची छपरं एकावर एक चढत डोंगराला टेकलेली दिसतात.

पानांची, कारण पक्कं घर बांधायला परवानगीच नव्हती. सिमेंट नको, विटा नकोत. बांबूचे खांब, बांबूची जमीन, वाळलेल्या पानांचं छप्पर. कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात, तसं इथं दर उन्हाळ्यात हजारो घरं शाकारली जातात. म्हातारी एकटी राहत असेल, घरात कर्ता पुरुष नसेल, तर शेजारी जमून तिचं छप्पर आधी करतात. आगीची भीती कायम. २०१२ च्या फेब्रुवारीत उम्पियम माईमध्ये एका आगीत हजारेक घरं गेली.

आता तांदूळ. शिध्यात काय असायचं? तांदूळ, मीठ, तेल, पिवळी डाळ, मिरची, आंबवलेल्या मासळीचा गोळा आणि जंगल तुटू नये म्हणून कोळसा. हा मासळीचा गोळा म्हणजे ज्यांच्या घरात सुकट-जवळा शिजतो त्यांना वास लगेच कळेल. भात आणि तो, एवढ्यावर जेवण होतं. तांदूळ कमी असला की तालापॉ करतात. मूठभर तांदूळ, भरपूर पाणी, बांबूचे कोंब, मिळेल तो पाला. आपल्या पेजेची पाठची बहीण म्हणा. दुष्काळात घर तगवायचं अन्न आहे ते, पण कारेन माणूस ते आवडीनंही खातो.

हे सगळं वाटायचं कसं? छावणीचे विभाग असतात, प्रत्येक विभागाला प्रमुख. वर छावणी समिती, तीही निवडून आलेली. गोदाम सांभाळणारे वेगळे, शाळा बघणारे वेगळे, आरोग्य, सुरक्षा, भांडणतंटा, प्रत्येकाला माणूस नेमलेला. मे रा मा लुआंग आणि मे ला ऊन या दोन छावण्या इतक्या आत आहेत की पावसाळ्यात रस्ता वाहून जातो. तिथं पाऊस लागायच्या आत पुढच्या कित्येक महिन्यांचा तांदूळ भरून ठेवावा लागायचा. कल्पना करा, हजारो कुटुंबांचं धान्य, ओल लागू द्यायची नाही, उंदीर लागू द्यायचे नाहीत, पोत्याचं वजन कमी भरलं तर पुरवठादाराला तिथंच सांगायचं. हे काम करणारी माणसं स्वतःच घर सोडून आलेली. पुढं शिध्याऐवजी कार्डावर पैसे आले आणि छावणीतल्याच दुकानांतून धान्य घेता येऊ लागलं, पण याद्या आणि देखरेख त्यांच्याकडंच राहिली.

या सगळ्यात बायका कुठं आहेत? कारेन महिला संघटना १९४९ ची, आणि १९८५ मध्ये तिनं नव्यानं काम सुरू केलं. बालवाड्या चालवणं, मागं कुणी नसलेल्या म्हाताऱ्यांची विचारपूस, मारहाण झालेल्या बाईला रात्रीच्या रात्री ठेवून घ्यायला सुरक्षित घर. कमरेला पट्टा बांधून मागावर लुंगी विणण्याचं कामही याच संघटनेनं धरलं. विणणारीला चार पैसे मिळतात, छावणीला कापड मिळतं, आणि मुलींच्या हातात नक्षी उतरते. भांडण मिटवायला बसलेल्या पुरुषांच्या बैठकीत बाईचं म्हणणं ऐकलं जावं, यासाठी या बायकांनी वर्षानुवर्षं डोकं लावलंय. याच संघटनेच्या सचिव झिपोरा सेन २००८ मध्ये कारेन नॅशनल युनियनच्या सरचिटणीस झाल्या.

शाळेतल्या शिक्षकाला थरा म्हणतात, शिक्षिकेला थरामू. शिक्षण मुख्यतः स्गॉ कारेन भाषेत. म्यानमारमध्ये अनेक दशकं सरकारी शाळेत जी भाषा शिकवू दिली नाही, ती इथं बांबूच्या भिंतीआड पहिलीपासून शिकवली गेली. दुःखाची गोष्ट अशी की इथल्या दाखल्याला ना थायलंड मान देतं, ना म्यानमार. मूल शिकतं, कागद हातात येतो, आणि तो फाटकापर्यंतच चालतो.

मे लामध्ये एक घर आहे. भूसुरुंगानं ज्यांचे डोळे गेले, हात गेले, अशा पुरुषांचं. कारेन अपंग कल्याण संघटना ते चालवते. ती माणसं एकत्र राहतात आणि एकत्र गातात. मी याबद्दल जास्त बोलणार नाही, माझ्याच्यानं होत नाही.

पण दवाखान्याबद्दल बोलायलाच हवं, कारण तो धागा आपल्यापर्यंत येतो. १९८६ मध्ये शोकलो नावाच्या छावणीत मलेरियावर संशोधन सुरू झालं. तिथला मलेरिया एकामागून एक औषधांना दाद देईनासा झाला होता, आणि गरोदर बायका दगावत होत्या. मग दर आठवड्याला प्रत्येक गरोदर बाईचं रक्त तपासायचं असं ठरलं. ते तपासायला छावणीतलीच मुलंमुली सूक्ष्मदर्शकावर बसायला शिकली, सुईणी तयार झाल्या. याच लोकांमध्ये आर्टेसुनेट दुसऱ्या औषधासोबत जोडून देण्याचे प्रयोग झाले, आणि १९९४ पासून तसा उपचार इथं रूढ झाला. आज जगभर मलेरियावर जोडीनं औषध देतात त्यामागं या प्रयोगांचा मोठा आधार आहे. गडचिरोलीत तापानं फणफणलेल्या पोराला आर्टेसुनेटची गोळी मिळते, तेव्हा त्या पद्धतीत कारेन बायकांच्या बोटांतून काढलेलं रक्त आहे. त्यांना आपण काही दिलेलं नाही, त्यांनी आपल्याला दिलंय.

मे सोटमध्ये, छावणीबाहेर, डॉ. सिंथिया माउंग यांचं मे ताओ क्लिनिक आहे. त्याही कारेन. १९८८ च्या उठावानंतर त्या सीमा ओलांडून आल्या, १९८९ मध्ये दवाखाना सुरू केला, आणि सुरुवातीला शस्त्रक्रियेची हत्यारं भात शिजवायच्या कुकरमध्ये उकळायच्या. २००२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जो पुढं २००८ मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना मिळाला.

ऑगस्टच्या सुमाराला, साधारण आपल्या राखी पौर्णिमेच्या आसपास, कारेन लोकांचा मनगटाला दोरा बांधायचा सण येतो. पांढरा दोरा. भावाबहिणीपुरता नाही, म्हातारी माणसं सगळ्या लहानांच्या मनगटावर बांधतात आणि भटकायला गेलेल्या आत्म्याला हाक मारून परत घरी बोलावतात. ताटात गार पाणी, चिकट भाताचे मुटके, केळी, फुलं आणि ऊस. ऊस का? तर त्याचं कांडं कुठल्याही मातीत पुरलं तरी डोळा फुटतो. बेणं लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

२००५ पासून अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांनी इथल्या लोकांना नेऊन वसवायला सुरुवात केली, आणि काही वर्षांत ही संख्या एक लाखाच्या वर गेली. ज्यांना नवं आयुष्य मिळालं त्यांच्यासाठी चांगलंच झालं. पण आधी कोण गेलं? इंग्रजी येणारे. म्हणजे थरा, थरामू, आरोग्य सेवक, गोदामाचा हिशेब ठेवणारे. शाळा एकाएकी ओस पडू लागल्या. तेव्हा दहावी झालेल्या पोरांना उभं करून, शिकवून, वर्गावर पाठवलं. ती पोरं तयार झाली की तीही जायची, मग पुन्हा नवी.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेनं मदत थांबवली तेव्हा आधी दवाखाने बंद झाले, रुग्णांना घरी पाठवलं गेलं. छावणीतल्या परिचारिकांनी, सुईणींनी जमेल तेवढं काम धरून ठेवलं. जुलैअखेर तांदूळ थांबला. आणि इथं मला एक गोष्ट ठामपणे सांगायचीय: आपली व्यवस्था आपण चालवणं वेगळं आणि आपलं पोट आपण भरणं वेगळं. पहिलं या लोकांनी ४० वर्षं केलं. दुसऱ्याची मुभाच त्यांना नव्हती, कारण शेत नाही, काम नाही, फाटकाबाहेर पाऊल नाही. "ते मदतीवर जगतात" असं म्हणणाऱ्यानं हे आधी बघावं.

२६ ऑगस्ट २०२५ ला थायलंडच्या मंत्रिमंडळानं निर्णय घेतला: रीतसर नोंद असलेल्या निर्वासितांना बाहेर जाऊन कायदेशीर काम करता येईल. ऑक्टोबरपासून तो लागू झाला. कंबोडियाशी झालेल्या संघर्षानंतर तिकडचे मजूर परत गेले होते, थायलंडला कामाला माणसं हवी होती. कारण काहीही असो, ४० वर्षांनी फाटक उघडलं. चाळीस हजारांहून जास्त लोक कामाच्या वयाचे आहेत. ज्यांची नोंदच झालेली नाही, ते मात्र आतच.

आता छावणी समित्यांपुढचं कोडं जुनंच आहे, पुनर्वसनाच्या वेळचं. धडधाकट माणूस शेतावर, कारखान्यात कामाला गेला तर घरी पैसा येईल, आणि यायलाच हवा. बालवाडीच्या थरामूलाही तोच हक्क आहे, आणि बाहेरच्या मजुरीपुढं छावणीतलं मानधन काहीच नाही. मग सकाळी बालवाडी उघडायला आणि दुपारी तिथल्या पोरांचा भात शिजवायला मागं कोण थांबणार, याची यादी त्यांना आता करायचीय.