शिरगणतीतली सून आणि फडावरची टोळी

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला, हे सीमाभागातल्या या मराठी सभेत बसलेल्या कुणाला सांगायला नको. चंदगड तालुका तेवढा जिल्ह्यातून काढला आणि कोल्हापूरकडं दिला. आता समजा, चंदगडची एखादी मुलगी १९४८ साली बेळगावात दिली. १९५१ च्या शिरगणतीत ती जिल्ह्यातल्या जिल्ह्यात आलेली सून. १९६१ ला तीच बाई परराज्यात जन्मलेली! उंबरा न ओलांडता आंतरराज्य स्थलांतरित. जन्मगाव विचारून स्थलांतर मोजलं की हे असं होतं. १९७१ पासून आधी कुठं राहत होता हेही विचारतात, पण राज्याची रेषा मधे येते ती येतेच. बरं, देशभरात बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न. सोयरीक जुळवणारा जमीन बघतो, जात बघतो, पै-पाहुण्यांत चौकशी करतो. दोन राज्यांच्या सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल कोण उघडून बसतो?

बेळगाव जिल्ह्यातल्याच खानापूरचं निराळंच. तिथली पोरं घाट उतरून गोव्यात कामाला जातात, आणि पोर्तुगीज अमदानीत तिकडून वर आलेली कोकणी बोलणारी ख्रिस्ती घरं इथंच रुजली.

मला जास्त बोलायचंय ते उसाबद्दल. दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीत उतरतात, तशा आपल्या चिकोडी-निपाणीकडच्या फडांवरही. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. पहाटे तोडणी, मग मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. गाडी रात्री आली तर रात्री. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे विकून मीठ-मिरचीपुरते पैसे सुटतात. बाई कोपीत, म्हणजे फडाजवळच्या खोपटात परतते ती चूल पेटवायलाच. धाकट्याला सांभाळायला थोरली पोर फडावरच, आणि शाळेत घातलीच तर जवळची शाळा बहुधा कन्नड.

शिरगणती आजवर बहुतेकदा फेब्रुवारीत होत आली, म्हणजे ऐन गाळपात. तेव्हा टोळी इथं असते. मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं की इथलीही नसते. ही मराठीच बोलणारी माणसं, पण सीमाभागातल्या मराठी माणसांचा आकडा सांगताना त्यांची आठवण आपल्याला होत नाही. खरं सांगायचं तर आपल्या सभांना ती कधी आलेली मी पाहिलेली नाहीत. मोळी टाकून येणार कशी?

महाजन आयोगानं १९६७ मध्ये गावांची वाटणी सुचवली, आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लढवायलाच हवा, यात मला शंका नाही. पण कोणत्या गावातली किती मुलं कोणत्या कारखान्याच्या फडावर येणार, ही यादी हंगामाआधी बीडहून बेळगावला पोचवायची, आणि चार-पाच महिने त्यांना मराठीत शिकवणारा एक मास्तर द्यायचा, एवढ्यासाठी निकालाची वाट बघायचं कारण नाही. दोन्हीकडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तर येत्या गाळपापासून होईल.