मानमोडीच्या लसीतली भेसळ, पिल्लू न मारता

चिमूर तालुक्यातल्या या अंगणात सात दिवसांच्या पिल्लांच्या डोळ्यांत मानमोडीच्या, म्हणजे रानीखेतच्या, लसीचा एकेक थेंब पडतो आहे. ही लस जिवंत विषाणूची, अंड्यात वाढवलेली. एव्हियन ल्युकोसिस (कोंबड्यांतला कर्करोगासारखा आजार) आणि चिकन ॲनिमिया (पिल्लांतला रक्तक्षय) यांचे विषाणू कोंबडीकडून अंड्यात उतरतात. म्हणून लसीसाठी रोगमुक्त कळपाचीच अंडी घेतात, आणि तरीही तयार लस तपासावीच लागते.

जुनी पद्धत अशी: निरोगी पिल्लांना लसीचे अनेक डोस द्यायचे, आठवडेच्या आठवडे सांभाळायचे आणि मग रक्तात प्रतिपिंडे शोधायची. आज पीसीआरने, म्हणजे ठरावीक डीएनएच्या असंख्य प्रती करून तो हेरणाऱ्या चाचणीने, पहिले उत्तर एका दिवसात मिळते. पिल्लू लागत नाही.

विरघळवलेल्या लसीचे 200 मायक्रोलीटर घेऊन आरएनए आणि डीएनए वेगळे काढतात. ल्युकोसिस आरएनएचा विषाणू, म्हणून आधी त्याची डीएनए प्रत करायची. ॲनिमियाला ती गरज नाही. मग यंत्रात प्रती वाढवणारी 40 चक्रे. पण लस टिकवायला घातलेली दुधाची भुकटी अभिक्रिया अडवू शकते, आणि मग दूषित लसही स्वच्छ दिसते. म्हणून सुरुवातीलाच नमुन्यात ओळखीचे, मोजून घेतलेले नियंत्रक जनुकद्रव्य मिसळायचे. त्याचाच संकेत उशिरा आला, तर अर्क दहापट पातळ करून चाचणी पुन्हा लावायची.

खरी अडचण ल्युकोसिसची. कोंबडीच्या स्वतःच्या जनुकांतच या कुळातल्या जुन्या विषाणूंचे तुकडे आहेत. अंड्यातल्या पेशींचा डीएनए नमुन्यात आला, की निर्दोष लस दोषी ठरते. त्यासाठी एक नळी आरएनएची डीएनए प्रत करणाऱ्या विकराशिवाय (एन्झाइमशिवाय) चालवायची. तिथेही संकेत आला, तर तो डीएनएचा.

मेलेल्या विषाणूचे अवशेषही पीसीआरला दिसतात. सापडलेला विषाणू जिवंत आहे का, हे कळायला नमुना डीएफ-1 या प्रयोगशाळेत वाढवलेल्या कोंबडीच्या पेशींवर वाढवतात. या पेशींत ते जुने तुकडे नसतात. आधी लसीचा विषाणू प्रतिरक्तद्रव्याने (त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे असलेल्या रक्तद्रव्याने) निष्प्रभ करायचा, नाहीतर तोच पेशी मारतो. या द्रव्यात ल्युकोसिसविरोधी प्रतिपिंडे मात्र नकोत, नाहीतर शोधायचा विषाणूच दडपला जाईल. सात ते नऊ दिवसांनी पेशी निरोगी दिसल्या तरी थांबू नये. पहिल्या दिवसाच्या तुलनेत आरएनए वाढला असेल, तर विषाणू जिवंत आहे.

पीसीआरला विचारले तेवढेच सापडते. 2010 मध्ये मुलांच्या रोटाव्हायरस लसीत डुकरांचा सर्कोव्हायरस सापडला, तो नमुन्यातले सगळे जनुकक्रम वाचल्यामुळे. त्याने माणसात आजार केल्याचे आढळलेले नाही, पण नेहमीच्या चाचण्यांतून तो निसटला होता. असा अनपेक्षित विषाणू हाती लागला, की त्याच्यासाठी नवे प्रायमर (त्याचा जनुकक्रम हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे) बनवून पुढच्या प्रत्येक बॅचला तीही पीसीआर लावता येते.