खेळाडूची अब्रू आणि पंचाचा भोंगा

नमस्कार श्रोतेहो.

17 मे 2012. अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर. तिथल्या फेडरल कोर्टात एका फुटबॉल खेळाडूनं दावा लावला, अब्रुनुकसानीचा. आणि लावला कुणावर? आपल्याच लीगच्या सगळ्यात मोठ्या साहेबावर! खेळाडूचं नाव जोनाथन विल्मा. साहेबाचं नाव रॉजर गुडेल, नॅशनल फुटबॉल लीगचे आयुक्त. हे फुटबॉल म्हणजे आपलं पायानं खेळायचं नव्हे बरं का. त्यांचा चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळतात, आणि डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर चिलखत घालून एकमेकांवर आदळतात.

आरोप काय होता, तर विल्माच्या सेंट्स संघात सुपारी चालायची. समोरचा गडी जायबंदी करा, तो मैदानाबाहेर गेला की रोख बक्षीस घ्या. गुडेल यांचं म्हणणं असं, की 2010 च्या जानेवारीतल्या बाद फेरीच्या सामन्यांत विल्मानं कर्ट वॉर्नर आणि ब्रेट फाव्ह या दोन नामांकित खेळाडूंसाठी दहा-दहा हजार डॉलर लावले होते. प्रशिक्षक शॉन पेटन एका हंगामासाठी निलंबित झाले, संघाला पाच लाख डॉलर दंड बसला, आणि विल्माला अख्ख्या हंगामाची बंदी. विल्मा म्हणाला, मी असं काही केलंच नाही, मला बदनाम केलं. आणि गेला कोर्टात.

आता यात मला रस का, तर हुबेहूब असं एक प्रकरण माझ्या वकिलीच्या टेबलावर येऊन गेलंय. फुटबॉलचं नाही, कुस्तीचं. लातूर जिल्हा म्हटल्यावर दुसरं काय असणार! रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांचा हा जिल्हा.

मांजरेच्या काठचं एक गाव. नाव सांगत नाही, पैलवानाचंही नाही. गावची यात्रा, यात्रेत कुस्त्यांचा फड. नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात, आणि शेवटची मोठ्या इनामाची. त्या शेवटच्या कुस्तीत आमचा पैलवान, शेजारच्या तालुक्यातला. कुस्ती लांबली. हा पट काढायला जातो, तो निसटतो. तो ढाक लावायला येतो, हा खाली बसतो. अर्धा तास होत आला, अंधार पडायला लागला, लोक शिट्ट्या मारायला लागले. (एक सांगू का? कुस्ती लांबण्याचं निम्मं पाप सत्कारांचं असतं. पैलवान अंगाला माती लावून उभे, आणि इकडं फेटे बांधणं चाललंय, शाल, श्रीफळ, मग दोन शब्द. दोन शब्द कधीच दोन नसतात. तोवर पोरांची अंगं गार पडतात. माझ्या हातात असतं तर फडात सत्काराला बंदीच घातली असती.)

तर यात्रा कमिटीच्या अध्यक्षांनी माइक घेतला आणि म्हणाले, "ही नुरा कुस्ती आहे. हा पैलवान पैसे घेऊन आलाय. इनाम जप्त." नुरा म्हणजे आधीच ठरवून लावलेली. लिंबाला बांधलेल्या भोंग्यातून ते साऱ्या शिवारात गेलं. गंमत म्हणजे कुस्ती दोघांची, पण बोट एकाकडंच. दुसरा गावचा भाचा होता.

महिनाभरानं पैलवान आणि त्याचा मामा माझ्याकडं आले. मामाच्या हातात शेंगांची पिशवी. पैलवानाचे कान मोडलेले, मान म्हणजे खांबच. माझ्या प्लास्टिकच्या खुर्चीत तो असा बसला, की मी सगळा वेळ त्याच्याकडं नाही, खुर्चीच्या पायांकडं बघत होतो. बोलत होता तो मामाच. "वकीलसाहेब, या महिन्यात तीन यात्रा झाल्या, एकानं पण ह्याची जोड लावली नाही. पोरगं रोज हजार जोर मारूलालंय, कशासाठी?"

हे महत्त्वाचं होतं. नुसतं मन दुखावून भागत नाही, नाव गेल्यानं काय गेलं ते दाखवता आलं तर दावा भक्कम होतो. याचं काम गेलं होतं.

मी विचारलं, नेमके शब्द काय होते? मामा म्हणाले, "चोर म्हणले." तेव्हा पैलवान पहिल्यांदा बोलला, "चोर नाही म्हणले. पैसे घेऊन आलाय म्हणले." मला तिथंच कळलं, हा साक्षीदार कोर्टात टिकणार. पुन्हा सांगतो श्रोतेहो, अब्रुनुकसानीत नेमके शब्द लागतात. "वाईटसाईट बोलले" याला दाव्यात काही किंमत नाही.

मग साक्षीदारांची शोधाशोध. चार-पाच हजार माणूस फडाला, आणि कुणालाच काही ऐकू आलेलं नाही! सरपंच म्हणाले, मी तेव्हा पाव्हण्यांना सोडायला गेलो होतो. हलगीवाला म्हणाला, "साहेब, मी वाजवूलालो होतो, मला काय ऐकू येतंय?" शेवटी एका पोराच्या मोबाईलात सापडलं. चित्रात नुसती लोकांची डोकी, पण ते एक वाक्य स्वच्छ.

नोटीस गेली. आणि अध्यक्ष स्वतःच आले माझ्याकडं. धोतर, टोपी, सत्तरीचा माणूस, सज्जन. म्हणाले, "वर्गणीचा पैसा आहे वकीलसाहेब, गावाला हिशेब मला द्यावा लागतो. संशय आला, बोललो." आता यात काही कायदा नाही असं समजू नका. आपल्या कायद्यात अब्रुनुकसानीला दहा अपवाद आहेत, त्यातला सातवा असा: ज्याचा दुसऱ्यावर कायदेशीर अधिकार आहे, त्यानं त्या अधिकारातल्या कामाबद्दल सद्भावनेनं ठपका ठेवला, तर तो गुन्हा नाही. कमिटीचा अधिकार पैलवानावर कितपत, हा वाद झाला असता. पण सद्भावना म्हणजे काय, तेही कायद्यानं सांगितलंय. पुरेशी काळजी न घेता केलेलं काही सद्भावनेनं केलं असं धरत नाहीत. म्हणून मी त्यांना एवढंच विचारलं, "तात्या, पैसे घेतले हे तुम्हाला सांगितलं कुणी?" बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लोक म्हणत होते."

इनाम द्यायला तयार झाले. वर शाल-श्रीफळ देतो म्हणाले (आलं पुन्हा शाल-श्रीफळ!). पैलवानानं मान हलवली. "पैसे नकोत. जिथं म्हणले तिथंच मागं घ्यावं. त्याच भोंग्यावर."

तिथं सगळं अडलं. म्हाताऱ्याला पैसे देणं सोपं होतं, माइक धरणं अवघड. आणि माझी अडचण वेगळीच. अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा एक वर्षाच्या आत लावावा लागतो. यात्रा येते तिथीनं आणि मुदत जाते तारखेनं! त्या वर्षी आला अधिक महिना. पुढची यात्रा लांबली, मुदत आधीच संपणार. तात्यांवर माझा विश्वास होता, पण मुदतीवर विश्वासानं भागत नाही. मी दावा लावून टाकला आणि सांगितलं, यात्रेत बोला, दुसऱ्या दिवशी तडजोड लिहून देतो.

मग त्या वाक्यावर घासाघीस. तात्यांना "गैरसमजातून" हवं होतं, पैलवानाला "पुरावा नव्हता" हवं होतं. टायपिस्टनं किती कागद फाडले त्याला गणती नाही. अखेर ठरलं: "गेल्या यात्रेत या पैलवानानं पैसे घेतले असं मी बोललो. त्याला माझ्याकडं काही पुरावा नव्हता. ते शब्द मी मागं घेतो."

यात्रेला मी गेलो होतो. देणगीदारांची यादी चालू होती, अमक्याचे पाचशे एक, तमक्याचे अकराशे, आणि त्या यादीच्या मधेच तात्यांनी चष्मा लावला, खिशातून कागद काढला आणि सगळं वाचलं. एक शब्द गाळला नाही. क्षणभर हलगी थांबली. मग पुन्हा पाचशे एक. त्या दिवशी आमच्या पैलवानाची जोड लागली आणि आमचाच गडी दहा मिनिटांत चितपट झाला! मामांचा चेहरा बघण्यासारखा होता. पण हरला तरी नुरा म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही.

आता विल्माचं काय झालं ते थोडक्यात, वेळ फार गेला. ज्येष्ठ माजी आयुक्त पॉल टॅग्लिआबू यांच्याकडं अपील गेलं. डिसेंबर 2012 मध्ये त्यांनी विल्मासह शिक्षा झालेल्या चारही खेळाडूंची बंदी उठवली. पण गुडेल यांनी काढलेले निष्कर्ष मात्र कायम ठेवले. ऐकलंत ना? शिक्षा गेली, ठपका राहिला. पगार वाचला, पण त्याला हवं होतं ते "पुरावा नव्हता" हे वाक्य मिळालंच नाही.

आणि 17 जानेवारी 2013 ला न्यायाधीश हेलन बेरिगन यांनी दावा फेटाळला. कारणं दोन. पहिलं, खेळाडूंच्या संघटनेनं लीगशी करार केलेला होता, शिस्तीचे वाद त्या करारातल्या वाटेनंच सोडवायचे. दुसरं, तिकडं 1967 पासून दंडक असा आहे, की प्रसिद्ध माणसाला नुसतं "खोटं बोलले" हे पुरत नाही. खोटं आहे हे माहीत असून बोलले, किंवा खरं-खोटं बघायची पर्वाच केली नाही, हे दाखवावं लागतं. ते विल्माला जमलं नाही. खेळाडूंवर आरोप करणारे कोण, हे त्यांना आधी सांगितलंच नव्हतं, त्यांना उलट प्रश्न विचारता आले नव्हते, याबद्दल न्यायाधीशबाईंनी नाराजी मात्र स्पष्ट लिहिली.

माझं मत विचाराल तर गुडेल आणि आमचे तात्या यांच्यात फरक एवढाच, की तात्यांना कुणीतरी समोर बसवून "सांगितलं कुणी?" असं विचारलं. पंच झाला म्हणजे त्यानं गप्प बसावं असं नाही. इनाम राखून ठेवा, चौकशी लावा, बंदी घाला. पण भोंगा हातात घ्यायच्या आधी नाव सांगणारा माणूस समोर हवा. तसं तर आजकाल प्रत्येकाच्याच खिशात भोंगा आहे, गावचा ग्रुप म्हणतात त्याला. सकाळी दात घासायच्या आधी निम्म्या गावाची अब्रू त्यावर निघालेली असते. असो, तो विषय वेगळा.

आपल्याकडं महेंद्रसिंग धोनीनं 2014 साली मद्रास उच्च न्यायालयात शंभर कोटींचा असाच दावा लावला, वाहिन्यांवर आणि एका पोलीस अधिकाऱ्यावर. दहा वर्षं उलटली तरी तो निकाली निघाला नव्हता. म्हणून दाव्याला निघालेल्या माणसाला मी आधी विचारतो, पैसे हवेत की शब्द मागं घ्यायला हवेत? शब्दच हवे असतील तर ते नोटिशीतच लिहून मागा.

फौजदारीची वाटही आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 356: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. पण त्यासाठी पोलीस ठाण्यात जाऊन बसू नका, तिथं याचा एफआयआर होत नाही. ज्याची अब्रू गेली त्यानं मॅजिस्ट्रेटकडं स्वतः तक्रार करायची असते. समोरच्याचं म्हणणं ऐकल्यावरच कोर्ट तिची दखल घेतं. जाताना मोबाईलातलं रेकॉर्डिंग ज्या फोनवर झालं तो फोन जपून ठेवा, विकू नका, फॉरमॅट मारू नका.

नमस्कार.