खाऱ्या पाण्यातला मासा आजारी पडला तर

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांच्या घरी समुद्री माशांची टाकी आहे, त्यांच्यासाठी आजचं हे बोलणं. कोल्हापूरच्या दुकानात येणारा क्लाऊनफिश किंवा टँग प्लॅस्टिकच्या पिशवीत लांबचा प्रवास करून आलेला असतो. दमलेला असतो, आणि अंगावर बऱ्याचदा परजीवी घेऊन आलेला असतो. घरी आणून चार-सहा दिवस झाले की अंगावर ठिपके दिसतात, आणि मग हाताला लागेल ते औषध मोठ्या टाकीत ओतलं जातं. तेवढं करू नका. कोरल, कोळंबी, गोगलगाई असलेल्या टाकीत तांब्याचं औषध पडलं की हे जीव मरतात. शिवाय दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात, म्हणून माशाला मात्रा पुरत नाही ती नाहीच.

आधी माशाकडे नीट बघा. दिवा लावून, बाजूने. रव्याच्या कणासारखे सुटे, मोजता येतील असे पांढरे ठिपके असतील तर तो बहुतेक क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी, त्याच्या रोगाचं नाव मरीन इच. अंगावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखी बारीक धूळ, श्वास धापा टाकल्यासारखा आणि मासा उजेड टाळून पंपाच्या प्रवाहात तोंड घालून उभा असेल, तर व्हेल्व्हेट, हा दुसरा परजीवी. व्हेल्व्हेट दोन-तीन दिवसांत मासा घेऊन जातो, त्यामुळे तिथे उद्यावर ढकलू नका. क्लाऊनफिशच्या अंगावरून दुधाच्या सायीसारखा चिकट थर सुटत असेल तर ब्रुकलिनेला हा तिसरा परजीवी. आणि मासा दगडावर अंग घासतोय, डोळा धुरकट झालाय, पण ठिपके नाहीत, तर फ्लूक, म्हणजे चपटे कृमी.

या चौघांवर एकच औषध चालत नाही. तांबं इच आणि व्हेल्व्हेटवर चालतं, ब्रुकलिनेलावर नाही.

गोड्या पाण्याचा डिप, म्हणजे मासा थोडा वेळ गोड्या पाण्यात ठेवणं, कशासाठी करायचा, ते इथे समजून घेऊ. पाच मिनिटं गोड्या पाण्यात ठेवलं की फ्लूक फुगतात, पांढरे पडतात आणि गळून खाली येतात. व्हेल्व्हेटमध्ये कल्ल्यांना थोडा आराम मिळतो. पण इचचा जंतू माशाच्या कातडीच्या आत बसलेला असतो, तिथे हे पाणी पोचत नाही. म्हणजे डिपने रोग ओळखायला मदत होते आणि माशाला उसंत मिळते. इचवरचा उपचार तो नव्हे.

डिपसाठी १० लिटरची गडद रंगाची स्वच्छ बादली घ्या, साबण कधीच न लागलेली. पाणी आरओचं घ्या. नळाचं पाणी, थेट पाइपलाइनचं असलं तरी, क्लोरिन मारलेलं असतं. १० लिटरला पाव चमचा खाण्याचा सोडा घाला, एअर पंप लावून तासभर हवा द्या आणि पीएच तपासा. ८ ते ८.२ हवा. सोडा घातला नाही तर पीएच एकदम खाली जातो, आणि मासा मरतो तो गोड्या पाण्यापेक्षा त्या धक्क्याने. तापमानही टाकीइतकंच हवं. डिसेंबरातल्या सकाळी बादलीतलं पाणी २० अंशांच्या आसपास असतं आणि टाकीतलं २६. हा फरक काढल्याशिवाय मासा सोडू नका.

मासा जाळीने धरू नका, टँगच्या शेपटीजवळचा काटा अडकतो. पारदर्शक बरणीत घ्या. बादलीत सोडल्यावर पहिलं मिनिटभर तो उसळतो किंवा आडवा पडून राहतो. घाबरू नका, पण नजर काढू नका. आडवा पडला आणि कल्ले चालू आहेत, तर चालेल. कल्ले थांबले किंवा शरीर ताठ झालं, की लगेच बाहेर काढा. ५ मिनिटांनी मासा काढून घेतल्यावर बादलीच्या तळाशी बघा. तिळाएवढे पांढरे चपटे कण दिसले तर फ्लूक होते हे नक्की. त्यांची अंडी मात्र डिपने मरत नाहीत. ती फुटून निघणाऱ्या कृमींसाठी प्राझिक्वांटेल हे कृमींवरचं औषध, लिटरला २ ते २.५ मिलिग्रॅम, आणि ५ ते ७ दिवसांनी दुसरी मात्रा.

ब्रुकलिनेलाला फॉर्मेलिन, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचं द्रावण, लागतं. ३७ टक्क्यांचं, १० लिटर खाऱ्या पाण्यात २ मिली, जोरात हवा देत ४५ मिनिटं. हे पाणी प्राणवायू खातं, म्हणून पंप बंद पडता कामा नये. बाटलीच्या तळाशी पांढरा साका असेल तर ती बाटली वापरू नका. ती माशासाठी विषारी असते. हातमोजे घाला, काम गॅलरीत करा, पोरांना आणि स्वयंपाकघराला लांब ठेवा. फॉर्मेलिन माणसालाही घातक आहे.

आता आजारी माशाला तांब्याचं औषध द्यायची वेगळी टाकी. यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकी घ्या. २८ सेंटीमीटर उंचीपर्यंत पाणी भरलं की ५० लिटर होतं. तिथे काचेवर खूण करा. वाळू नाही, दगड नाही. लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो. १०० वॅटचा हीटर, झाकण, आणि स्पंज फिल्टर. हा स्पंज तीन-चार आठवडे आधीपासून मोठ्या टाकीच्या संपमध्ये, म्हणजे खालच्या गाळणीच्या टाकीत, ठेवलेला असावा, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वाढतात. कोरा स्पंज लावला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी अमोनिया, म्हणजे माशाच्या घाणीतून होणारं विष, चढतो, आणि लोक म्हणतात औषधाने मासा गेला. औषधाने नाही, अमोनियाने जातो. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप जवळ असू द्या.

तांबं म्हणजे कॉपर सल्फेट, द्राक्षबागेतलं आपलं मोरचूद. बागेसाठीचं मोरचूद मात्र इथे चालत नाही, प्रयोगशाळेच्या शुद्धतेचं घ्या. १ ग्रॅम स्फटिक २५० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. त्यात मिलीला सुमारे १ मिलिग्रॅम तांबं येतं. ५० लिटरला १० मिली म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम. हे १० मिली एकदम घालायचं नाही. दोन दिवसांत, सकाळ-संध्याकाळ अडीच-अडीच मिली. नंतर रोज कॉपर किटने तपासा. ०.१५ च्या खाली गेलं तर जंतू वाचतो, ०.२५ च्या वर गेलं तर मासा खाणं सोडतो.

बाजारात चिलेटेड कॉपरच्या, म्हणजे दुसऱ्या रसायनाशी बांधलेल्या तांब्याच्या, बाटल्याही मिळतात. त्यांची मात्रा लिटरला २ ते २.५ मिलिग्रॅम, म्हणजे दहापट. चिलेटेडची मात्रा मोरचुदाला लावली की सगळे मासे जातात. बाटलीवरचा शब्द दोनदा वाचा.

अमोनिया दिसला तर १५ लिटर पाणी बदला. आदल्या दिवशी सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास समुद्री मीठ विरघळवून ठेवा, घनता टाकीइतकी करा आणि त्यात ३ मिली तांब्याचं द्रावण घाला. नाहीतर पाणी बदललं की मात्रा पातळ होते. अमोनिया बांधणारं किंवा पाण्यातलं क्लोरिन घालवणारं औषध तांब्याबरोबर घालू नका. त्यातली काही तांब्याचं रूप बदलून ते जास्त विषारी करतात. फिल्टरमधला कार्बनही काढून ठेवा, तो तांबं शोषून घेतो.

किती दिवस? तांबं फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, कातडीतल्या जंतूला नाही, तळाशी चिकटलेल्या, ज्यातून नवी पिल्लं निघतात त्या कोशाला नाही. म्हणून ठिपके गेले तरी थांबायचं नाही. मात्रा ४ आठवडे टिकवा.

आणि मोठी टाकी? तिथे कोश असतात, ते आठवडेच्या आठवडे दम धरतात. तिथला एकूण एक मासा बाहेर काढून ती ७६ दिवस माशांविना चालवायची. कोरल, गोगलगाई राहू द्या. गणेश चतुर्थीला मासे काढले, तर पंचगंगा घाटावर त्रिपुरारी पौर्णिमेचे दिवे लागून गेल्यावरही आणखी सहा दिवस थांबायचं. दोन्ही टाक्यांना जाळी, नळी, पाणी काढायचा मग, सगळं वेगवेगळं. आजारी टाकीत घातलेला ओला हात मोठ्या टाकीत घातला तर दिवसांची मोजणी पहिल्यापासून.

चार आठवडे झाले की कार्बन घाला, तांबं शून्य दिसेपर्यंत पाणी बदला, आणि मग मासा आणखी दोन आठवडे बिनऔषधाचा, नुसता बघत ठेवा. खातोय का, कल्ले शांत चालतायत का, अंगावर काही उमटतंय का. ७६ दिवस भरले की दोन्ही टाक्यांची घनता आणि तापमान जुळवून त्याला परत सोडा, दिवे मालवून, संध्याकाळी.