एक विषाणू, अनेक वाटा

मंडळी, एचआयव्ही म्हणजे एकच विषाणू, असं आपण बोलताना धरून चालतो. जगभर साथ पसरवणाऱ्या 'एम' गटातच ए, बी, सी, डी असे उपप्रकार आहेत, आणि त्यांच्या सरमिसळीतून झालेल्या संकरित जाती शंभराच्या वर. या विषाणूची जनुकीय संहिता साधारण 9,700 अक्षरांची. तिची नक्कल उतरवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, चुका करतं आणि लिहिलेलं परत तपासत नाही. एकाच पेशीत दोन उपप्रकार शिरले, तर त्यांच्या पिल्लांत नक्कल उतरवताना ते या प्रतीवरून त्या प्रतीवर उडीही मारतं.

मग कुठला उपप्रकार कुणाला होतो? इथे मला थायलंडबद्दल सांगायचंय. 1988 मध्ये बँकॉकमध्ये सुईने हेरॉइन घेणाऱ्यांत लागण काही महिन्यांत भडकली. त्याच सुमारास उत्तरेला, चियांग माईकडे, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांत ती पसरत होती. जनुकं वाचली तेव्हा सुईवाल्यांत मुख्यतः बी निघाला, दुसरीकडे तेव्हा 'ई' म्हणत तो, आजचा एई. देश एक, वर्षं तीच, साथी दोन. बी रक्तातून जाणारा आणि ई संबंधांतून जाणारा, असा तर्क तेव्हा मांडला गेला. पुढच्या काही वर्षांत बँकॉकच्या सुई घेणाऱ्यांतल्या नव्या लागणींत बहुतेक एईच निघू लागला. सुरुवातीला कोण कुणाच्या संगतीत होतं, तेवढंच त्या पहिल्या फरकात दिसत होतं.

मणिपूरचंही तसंच. ब्रह्मदेशाच्या सीमेवरून हेरॉइन येत होतं, आणि 1990 च्या आसपास तिथल्या सुई घेणाऱ्यांत लागण झपाट्याने वाढली. उरलेल्या भारतात सीचं राज्य, तिथे मात्र सीसोबत थायलंडकडचा बीही सापडला. पलीकडे चीनच्या युन्नानमध्ये या दोघांची सरमिसळ होऊन बीसी संकर तयार झाले. ज्या वाटेने माल गेला, त्याच वाटेने विषाणू गेला.

आता आपल्या पुण्याकडे या. इथे गुप्तरोगाच्या दवाखान्यांत येणाऱ्या, नुकतीच लागण झालेल्या सहा जणांच्या विषाणूंची जवळजवळ पूर्ण संहिता 1999 मध्ये प्रसिद्ध झाली. भोसरीच्या 'नारी'तल्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या, शास्त्रज्ञांचा त्यात वाटा होता. पाच सी निघाले. सहावा निघाला ए आणि सीचा संकर. त्याचा आलेख असा असतो: आडव्या रेषेवर संहितेतली जागा, उभ्या रेषेवर तिचं एकेका उपप्रकाराशी असलेलं साम्य. एचं साम्य दाखवणारी रेघ वर चाललेली असते, मध्येच ती खाली कोसळते आणि सीची रेघ तिच्या जागी चढते. जिथे त्या एकमेकींना छेदतात, तिथे विकराने उडी मारलेली. मी विद्यार्थ्यांना तो छेद बोटाने दाखवते. यासाठीच केलेली सिमप्लॉट ही संगणकप्रणाली याच कामातून पुढे आली आणि आज जगभर वापरली जाते.

हे सगळं कशाला मोजायचं? सुरुवातीच्या व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजणाऱ्या, चाचण्या मुख्यतः बी समोर ठेवून बनल्या होत्या. इतर काही उपप्रकारांत त्या विषाणू प्रत्यक्षापेक्षा कमी मोजत. लस करायची तरी हा प्रश्न टळत नाही, कारण दोन उपप्रकारांच्या आवरणातल्या प्रथिनांत पंचवीस-तीस टक्क्यांचा फरक असू शकतो.

एक गोष्ट मात्र मी ठासून सांगते. दोन जणांच्या विषाणूंची संहिता जुळली, म्हणून कुणी कुणाला दिला हे नुसत्या जुळण्यावरून ठरत नाही. मध्ये तिसरा असू शकतो, चौथी असू शकते. 'अति जोखीम गट' हा सरकारी कागदावरचा शब्द आपण बाजारात नेला की त्याची शिवी होते. म्हणून माझ्या टेबलावरच्या नळीला नाव नसतं, नंबर असतो.

मागे एका ताईंनी औषधप्रतिकाराच्या चाचणीचा अहवाल पुढे धरून विचारलं, "मॅडम, इथे सी लिहिलंय. म्हणजे माझा जास्त वाईट का?" म्हटलं, नाही ताई, आपल्या देशात दहातल्या नऊ जणांहून जास्त लोकांचा सीच असतो. नुसत्या त्या अक्षरावरून गोळी बदलत नाही. त्यांनी अहवालाची घडी घातली आणि विचारलं, पुढचा व्हायरल लोड कधी.