गळ्यात एकच लेन्स

[पडद्यावर: मंगल कार्यालयातला बोहला. अंतरपाट धरलेले हात. हॉलभर मुठीत अक्षता घेऊन उभी असलेली माणसं.]

शेवटचं मंगलाष्टक संपत आलंय. भटजींचा ‘सावधान’ होईल, अंतरपाट बाजूला होईल, वाजंत्री सुरू होईल. पुढच्या अर्ध्या मिनिटात फोटोग्राफरला तीन फोटो हवेत. अक्षता हवेत असताना अख्खा मंडप. हार घालणारी दोघं, कमरेपासून वर. आणि नवरीच्या मागे उभ्या असलेल्या आईचा नुसता चेहरा. पुन्हा एकदा हार घाला म्हणून सांगता येतं, आणि घालतातही. पण आई पुन्हा रडत नाही.

या अर्ध्या मिनिटात कॅमेऱ्याची लेन्स काढून दुसरी लावायला कुणाला सवड आहे?

शहापूर असो, खानापूर असो की निपाणी, इकडच्या बेळगाव जिल्ह्यातल्या बहुतेक लग्नांत या तिन्ही फोटोंमागे एकच लेन्स असते. 24 ते 70 मिलिमीटर, 24 ते 105 किंवा 24 ते 120. कॅटलॉगात तिचं नाव स्टँडर्ड झूम. धंद्यातली पोरं नुसतं ‘ट्वेंटीफोर-सेव्हन्टी’ नाहीतर ‘वनओफाइव्ह’ म्हणतात. फुलफ्रेम, म्हणजे 35 मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यावर 24 ला ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 84 अंशांचं दृश्य घेते, 50 ला साधारण 47, आणि 105 ला फक्त 23. मनगट थोडं फिरवलं की मंडपापासून आईच्या डोळ्यांपर्यंत.

[पडद्यावर: जुना लग्नाचा अल्बम. काळ्या जाड पानांवर कोपऱ्यांत अडकवलेले कृष्णधवल फोटो.]

ही सोय आधीच्या पिढीला नव्हती. स्टुडिओवाल्यांकडे दोन डोळ्यांचा यशिका असायचा. मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं, 120 नंबरच्या रोलवर 12 फोटो, आणि लेन्स कॅमेऱ्यालाच कायमची जोडलेली. सगळं खानदान फ्रेममध्ये बसवायचं तर मंडपाच्या कनातीला पाठ टेकेपर्यंत मागे जायचं. जुने ग्रुप फोटो बघा. सगळे ताठ उभे आहेत, त्याचं निम्मं कारण म्हणजे फोटोग्राफर मागे सरकेपर्यंत त्यांना तसंच थांबायला लागायचं.

35 मिलिमीटर फिल्मच्या स्थिर कॅमेऱ्यासाठी बाजारात आलेली पहिली झूम लेन्स 1959 ची. फ्रँक बॅक यांनी आखलेली, फोग्टलेंडरच्या नावानं विकलेली झूमार, 36 ते 82 मिलिमीटर. निकॉनची 43 ते 86 आली 1963 साली. भरपूर खपली आणि तेवढीच नावंही ठेवली गेली, कारण कडा मऊ यायच्या. झूम म्हणजे तडजोड हा शिक्का तेव्हापासूनचा. लग्नाच्या धंद्यात तो पुसला गेला डिजिटलच्या काळात. 2005 साली कॅननचा फाइव्ह-डी आला, त्याच वर्षी हाताची थरथर सावरणारी 24 ते 105 एफ-4 आली, आणि या जोडीनं पुढची कितीतरी वर्षं हॉल गाजवले.

[पडद्यावर: बोहल्यावर ग्रुप फोटोची तयारी. फोटोग्राफर हातानं माणसं जवळ सरकवतोय.]

“काकू, जरा आत या की वो. अण्णा, तुमी मागं सरा.” लगेच पुढचं वाक्य, “इल्ली नोड्री!” म्हणजे इकडे बघा. इथल्या बोहल्यावर निम्मे पाहुणे मराठी आणि निम्मे कन्नड असले, तर फोटोग्राफर एका दमात दोन्ही बोलतो, आणि दोन्हीकडचे पाहुणे एकाच वेळी हसतात.

आता त्याच्या डाव्या हाताकडे बघा. मागे जागा नाही, म्हणून त्यानं झूम 24 वर आणलीय. वीस माणसं फ्रेममध्ये बसली. पण कडेच्या काकू प्रिंटमध्ये आडव्या रुंद येणार आणि त्या फोटो बघून बोलणार. बोलायला हव्यातच. हा लेन्सचा दोष नव्हे. एवढा मोठा कोन सपाट चौकटीत बसवायचा म्हटलं की कडेच्या गोष्टी बाहेर ताणल्या जातात, महागातली महाग लेन्स लावली तरी. सरळ खांब वाकडे आले तर कॅमेरा किंवा सॉफ्टवेअर ते सरळ करतं, काकू मात्र बारीक होत नाहीत. जाणते फोटोग्राफर त्यामुळे खुर्च्यांची एक रांग उचलायला लावतात, मागे जातात आणि 35 च्या पुढे येतात. तेही जमलं नाही तर कडेला सडपातळ पोरं उभी करतात. ही युक्ती कुठल्याही लेन्सच्या पुस्तिकेत छापलेली नाही.

धंद्यात दोन फोटोग्राफर भेटले की वाद ठरलेला. 2.8 घ्यायची की 4? हा आकडा म्हणजे एफ-नंबर, लेन्सचं तोंड किती उघडतं ते सांगणारा. आकडा लहान, तोंड मोठं.

2.8 ची लेन्स 4 च्या दुप्पट उजेड आत घेते. ऐकायला फार मोठं वाटतं. पण वजनही बघायला हवं. निकॉनची 2007 ची 24 ते 70 एफ-2.8 म्हणजे 900 ग्रॅम. त्याच कंपनीची मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यासाठीची 24 ते 120 एफ-4 आहे 630 ग्रॅम, सोनीची 24 ते 105 आहे 663. हळदीपासून वरातीपर्यंत कॅमेरा गळ्यात असतो, तेव्हा या पाव किलोचा हिशेब रात्री मान मांडते.

आणि हॉलमध्ये आणखी एक गोष्ट आडवी येते, ती म्हणजे एलईडी. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर फार वेगात चालवलं की फोटोत काळे-पिवळे पट्टे येतात. म्हणून बरेचजण 1/100 सेकंदाच्या आसपासच थांबतात. शटर तिथेच अडकलं असेल, तर 2.8 मधून मिळतो तो फक्त आयएसओचा, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेचा, एक टप्पा, 6400 च्या जागी 3200. आजचे कॅमेरे 6400 सहज झेपवतात. आमचं मत स्पष्ट आहे. ज्याच्याकडे एकच कॅमेरा आणि एकच लेन्स आहे, त्यानं बेळगाव जिल्ह्यात एफ-4 च घ्यावी. ती 105-120 पर्यंत जाते, आणि 70 च्या पुढचे ते मिलिमीटर जास्त कामाला येतात.

[पडद्यावर: रात्र. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. ट्रॅक्टरवर सजीव देखावा, मशाल हातात घेतलेला मावळा.]

एका रात्री मात्र हे मत मागे घ्यावं लागतं. बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. ट्रॉलीवर गड उभा असतो, त्यावर खरीखुरी माणसं, खाली लेझीम आणि ढोल. उजेड कुठे भगभगीत, कुठे नाहीच. लेझीमवाल्याचा हात गोठवायचा तर शटर 1/250 तरी हवं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन फोटोग्राफरच्या हाताची थरथर थांबवतं, नाचणाऱ्या पोराची नव्हे. इथं 2.8 वाला हसतो आणि 4 वाला आयएसओ 12800 वर जाऊन फोटोतले दाणे मोजतो. पण गल्लीतल्या गर्दीत दोघांनाही लेन्स बदलता येत नाही. कोपर वर करायलाच जागा नसते.

[पडद्यावर: सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर. पौर्णिमा. पिवळी धमक गर्दी.]

या लेन्सची खरी परीक्षा होते ती सौंदत्तीला.

‘उदं गं आई उदं’चा गजर होतो आणि मुठीमुठीनं भंडारा उधळला जातो. कोल्हापूर-सांगलीकडून आलेल्या गाड्या, डोक्यावर जग, म्हणजे देवीची टोपली, घेतलेल्या बाया, लिंबाचे डहाळे, आणि सगळ्यावर एकच रंग. फोटोग्राफरला याहून देखणं काही मिळणार नाही. लेन्सला याहून वाईट काही मिळणार नाही.

जवळून बघा. 24 वरून 105 कडे फिरवली की लेन्सची नळी पुढे येते. आत जागा वाढते, आणि ती भरायला बाहेरची हवा खेचली जाते. पुन्हा 24 वर आणली की हवा बाहेर. भंडाऱ्याच्या ढगात उभं राहून दर फोटोला झूम पुढे-मागे करणं म्हणजे सायकलच्या पंपानं हळद आत भरणं. चांगल्या लेन्सना सांध्यात रबरी गॅस्केट असतात. ती पावसाचे थेंब आणि धूळ बरीच रोखतात, पण भंडारा पिठासारखा बारीक. पुढे आलेल्या नळीवर त्याचा पिवळा थर बसतो, आणि ती मागे जाताना रबराच्या कडेला एक बारीक पिवळी रेघ उरते. ती रेघ दिसली की समजावं, थोडा माल आत गेलाय.

दरवर्षी जाणाऱ्यांचे नियम ठरलेले असतात. पुढे साधा फिल्टर, बहुतेक एफ-4 झूमना 77 मिलिमीटरचा. कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी, फिल्टरच्या कडेला रबरबँड. झूम 35 वर लावायची आणि मग पायांनी चालायचं. डोंगरावर लेन्स काढायचीच नाही, सेन्सरवर हळद बसली तर साफ करणं दुकानदाराचंच काम. खाली आल्यावर आधी फुंकणीनं हवा, मग मऊ ब्रश, आणि अगदी शेवटी कापड. ओल्या फडक्यानं पुसायला गेलं की हळद पसरते आणि रबरावर डाग धरते. न वाढणारी नळी असलेली झूमही आता मिळते. कॅननची 2023 ची 24 ते 105 एफ-2.8 तशी आहे. पण तिचं वजन 1330 ग्रॅम, आणि किंमत ऐकून लग्नाच्या सीझनचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

फोटो काढताना आणखी एक पाळायचं. अंगात आलेल्या बाईच्या तोंडासमोर 24 मिलिमीटर नेऊन धरायचं नाही. 105 एवढ्यासाठीच आहे. आणि नंतर विचारायचं, “मावशी, फोटो घेतलाय, चालंल न्हवं?” नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसायचा.

[पडद्यावर: पाऊस. जांबोटीच्या पुढचा रस्ता, धुकं, वायपर.]

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला शत्रू वेगळा. जांबोटी, कणकुंबी, पुढे चोर्ला घाट. पावसाळ्यात इथं भिंतींना ओल येते, कपड्यांना वास येतो आणि लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. कॅननच्या त्या पहिल्या 24 ते 105 मध्ये काचेची 18 भिंगं आहेत. बुरशी मधल्या कुठल्या भिंगावर बसली तर सगळी लेन्स खोलावी लागते, आणि उशीर झाला तर ती काचेवरचा लेप कायमचा खाते. लेन्ससोबत आलेली भारीतली चामडी पिशवी जपून वापरणारे लोक इथं सर्वात जास्त फसतात, चामडं ओल धरून ठेवतं. हवाबंद प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल पुरतं. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं. ड्राय कॅबिनेट असेल तर आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांत ठेवायची. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवणारेही भेटतात. तांदळाची पूड झूमच्या फटीत जाते, दुसरं काही होत नाही.

[पडद्यावर: बेळगावचा किल्ला, कमल बस्ती. कॅमेरा जमिनीवर पाठीवर झोपवलेला, लेन्स छताकडे.]

किल्ल्यातली कमल बस्ती म्हणजे जैन मंदिर, 1204 सालचं, रट्ट राजांच्या काळातलं. छतातलं दगडी कमळ टिपायला मान मोडायची गरज नाही. कॅमेरा फरशीवर उताणा ठेवा, झूम 24, सेल्फ टायमर 10 सेकंद, आणि बाजूला व्हा. मग 70 वर जाऊन एकेक पाकळी.

[पडद्यावर: अथणी. चपलेच्या पट्ट्यावर वेणी घालणारी बोटं.]

अथणीत उलटा खेळ. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. त्यात बेळगाव आहे. कारागिराचं घर लहान, उजेड दारातून येणारा. आरीनं भोक पाडलं, चामड्याची बारीक वादी त्यातून ओढली, अंगठ्याच्या नखानं दाबली. त्या नखात वर्षानुवर्षांचा रंग मुरलाय. 24 ते 120 ची मिररलेस लेन्स 35 सेंटिमीटरवरूनही फोकस करते, त्यामुळे 120 वर फ्रेममध्ये अंगठा, ते नख आणि वादी एवढंच येतं. तीच लेन्स 28 वर आणली की दार, म्हातारा, चपलांची रास आणि चहाचा कप एकत्र. जागेवरून न उठता. अशा खोलीत दुसरी बॅग उघडून काचा मांडत बसलात, तर कारागीर काम थांबवून तुमच्याकडेच बघत बसतो.

व्हिडिओवाल्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं. फोटोच्या बऱ्याच झूममध्ये मिलिमीटर बदलले की फोकस सरकतो. नखावरून झूम मागे घेत घेत दारापर्यंत यायचा शॉट सिनेमात छान दिसतो, इथं आधी एकदा तालीम करून बघायला हवी.

[पडद्यावर: काउंटरवर ठेवलेली जुनी लेन्स. मोबाइलचा टॉर्च.]

नवी लेन्स सगळ्यांना परवडत नाही. चिकोडी-निपाणीकडची नवी पोरं जुन्या बाजारातूनच सुरुवात करतात, आणि तेच शहाणपणाचं. फक्त घेताना घाई नको. मागून टॉर्च मारून आत जाळं दिसतंय का बघायचं. लेन्स तोंड खाली करून धरायची, नळी आपोआप घसरली तर समजायचं, आधीच्या मालकानं खूप गड चढलेत. फोटोला त्यानं फरक पडत नाही, भाव पाडायला मात्र उपयोग होतो. रिंग फिरवताना करकर आली तर आत माती आहे. मग विटांच्या भिंतीसमोर सरळ उभं राहून 24, 50 आणि 105 वर एकेक फोटो, आणि स्क्रीनवर चारही कोपरे मोठे करून बघायचे. एकच कोपरा धूसर असेल तर ती लेन्स बहुधा कधीतरी पडलीय, विकणारा काहीही म्हणो. चारही सारखे आले, की मग भावाचं बोलायला बसायचं.